रात्री दवाखान्यात नेलं तर इतका वेळ का लागतो, आणि बिल नेमकं कुठं वाढतं?

विचारलेलं थोडक्यात असं आहे. वडिलांना रात्री साडेअकराला छातीत दुखायला लागलं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं, तर पन्नास मिनिटं बाकावर बसावं लागलं. मागून आलेल्या दोघांना आधी आत घेतलं. मग ‘पुढं न्या’ म्हणून चिठ्ठी मिळाली. १०८ ला वेळ लागेल असं कोणीतरी म्हणालं म्हणून खासगी गाडी केली. गाडीवाल्यानं जिल्ह्याच्या गावी ओळखीच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. तिथं आधी साठ हजार भरायला लावले आणि सुट्टी होताना एकूण दोन लाख दहा हजार झाले. केशरी रेशन कार्ड घरी कपाटात होतं. चूक कोणाची, आणि पुढच्या वेळी काय करायचं?

मी पश्चिम विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत अधिपरिचारिका म्हणून एकोणतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत, म्हणजे ज्या दारावर तुम्ही बसला होता त्या दाराच्या आतल्या बाजूला.

चूक कोणाची ते आधी सांगते, नाहीतर वाटेल बाई आपल्याच खात्याची बाजू घेऊन राहिली. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी दवाखान्यात पाय ठेवल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे. त्याला डॉक्टर लागत नाही, सिस्टर काढू शकते. पन्नास मिनिटं ही चूकच, आणि ती दवाखान्याची. पण ती कशी होते, ते मला आतून माहीत आहे. माझ्याही हातून एकदा झाली आहे.

कापूस वेचणीचे दिवस होते. पंचावन्न-साठीचा एक गडी सायकलवर आला. स्वतः सायकल लावली, स्वतः केस पेपर काढला. मी विचारलं, काय होतं भाऊ? म्हणे, ‘काही नाही सिस्टर, वारा धरला, जबडा दुखून राहिला.’ त्याच वेळी आत एक बाई अडलेली होती आणि एका पोराला झटके येत होते. मी त्याला बसा म्हटलं. अर्ध्या तासानं बाहेर आले तर त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. ईसीजी काढला तेव्हा पट्टीवर हृदयविकाराचा झटका दिसतच होता. माणूस वाचला, त्यात माझी काही कमाई नाही. त्या दिवसापासून चाळिशीच्या पुढच्या माणसानं बेंबीपासून जबड्यापर्यंत काहीही दुखतं म्हटलं की मी आधी ईसीजीच्या वायरी लावायचे, गॅस की काय ते नंतर बघायचे. मधुमेहवाल्यांत आणि बायांमध्ये तर दुखतही नाही कधीकधी, नुसता दम लागतो नाहीतर मळमळतं.

आता मागून आलेले दोघं आधी आत का गेले. कॅज्युअल्टीत आल्या क्रमानं घेत नाहीत, हे लोकांना कोणी सांगितलेलंच नसतं. श्वास अडकलेला, रक्त थांबत नसलेला, शुद्ध नसलेला माणूस शेवटी आला तरी पहिला. ज्याला तास-दोन तास थांबवलं तरी जिवाला धोका नाही, तो सकाळपासून बसलेला असला तरी नंतर. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री बहुतेक वेळा एकच मेडिकल ऑफिसर असतो. सिस्टर दोन असल्या तर एक प्रसूतीच्या खोलीत अडकलेली. तोच डॉक्टर टाके घालतो, तोच एमएलसी, म्हणजे पोलीस केसचा कागद, लिहितो, पोलिसांनी आणलेल्या दारुड्याची तपासणीही त्यालाच करावी लागते. कागदावरची पदं आणि रात्री हजर माणसं यांत फरक असतो, हे तालुक्याला कोणालाही विचारा.

म्हणून दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलता याला फार किंमत आहे. आपल्याकडची माणसं दवाखान्यात गेली की लाजतात. ‘जरा बरं नाही वाटून राहिलं’ म्हणतात आणि कोपऱ्यात बसतात. जो सोबत गोंधळ घालणारे चार जण घेऊन येतो त्याच्याकडं लक्ष जातं, आणि खरा पेशंट गप्प बसलेला असतो. गोंधळ घालू नका. पण आत शिरताच, केस पेपर काढायच्या आधी, एका दमात सांगा: ‘वय बासष्ट, साडेअकरापासून छातीत दुखतं, घाम सुटला, शुगरची गोळी चालू आहे, ईसीजी काढा.’ वय, काय होतं, कधीपासून, आधीचा आजार. एवढं ऐकलं की कुठलीही सिस्टर उठते. ‘फवारणीवरून आणलं’, ‘साप चावला’, ‘तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही’, ‘पोटूशी आहे आणि अंगावरून रक्त जातं’ हीसुद्धा अशीच वाक्यं. लकव्याच्या बाबतीत त्रास कधी सुरू झाला ती वेळ मिनिटासकट लक्षात ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथं साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. रात्री झोपेत झालं असेल तर शेवटचं नीट बोलताना-चालताना कधी पाहिलं होतं ती वेळ धरतात.

एक गोष्ट मात्र लोक चुकीची समजतात. कधीकधी थांबवून ठेवणं हाच उपचार असतो. साप चावलेल्याचं रक्त आम्ही कोरड्या काचेच्या नळीत घेतो आणि वीस मिनिटं हलवत नाही. गोठलं तर एक अर्थ, नाही गोठलं तर दुसरा. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर ते पातळच राहतं. त्या वीस मिनिटांत नातेवाईक दारावर धडका मारतात की कोणी पाहूनच नाही राहिलं, आणि आत आमची नजर त्या नळीवर असते. मण्यार तर आणखी फसवी. रात्री झोपेत चावते, जागा दिसत नाही, सूज नाही. पोटात दुखतं म्हणून पेशंट येतो आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात. तिथं नळीतलं रक्त नीट गोठतं, म्हणून पापण्यांवर लक्ष ठेवून बसावं लागतं. सर्पदंशाची लस आपल्याकडं चार सापांसाठी एकच आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. विष चढल्याची खूण दिसली की ती लागते, आणि सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. लस एकच असल्यानं साप ओळखायला मारून आणायची गरज नाही, त्या नादात दुसऱ्यालाही चावतो. मांत्रिक बाबाकडं जाऊन मग आमच्याकडं आलेल्या पेशंटचे जे दोन तास जातात, ते कुठल्याच बाटलीनं भरून निघत नाहीत.

फवारणीचंही तसंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हा हे सगळ्या राज्याला कळलं. आम्ही दर वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर पाहत होतो. माणूस अंगावरचे भिजलेले कपडे तसेच ठेवून येतो, म्हणजे विष वाटभर कातडीतून आत जातच असतं. घरीच कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत आणा. डबा म्हणजे खरोखरचा डबा, नाव पाठ करून नाही. त्यावरून कुठला उतारा द्यायचा ते ठरतं. ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध काही महाग नाही, प्रत्येक दवाखान्यात असतं. महाग पडतं ते व्हेंटिलेटर, आणि उशीर झाला की तेच लागतं.

सिकलसेलच्या पोरांबद्दल दोन ओळी, कारण त्यांच्यासाठी कोणी प्रश्न विचारत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट आणि पूर्व विदर्भाच्या बऱ्याच गावांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या दुखण्याला बाहेरून काही दिसत नाही, ताप नाही, जखम नाही. नवी सिस्टर किंवा नवा डॉक्टर म्हणतो, नाटक करते पोरगी. सिकलसेलचं कार्ड हातात धरून या आणि ‘क्रायसिस आहे’, म्हणजे दुखण्याची जोराची कळ आली आहे, हे शब्द वापरा. तिला सलाईन आणि दुखणं थांबवायचं औषध लगेच लागतं.

आता ‘पुढं न्या’ची चिठ्ठी. रेफर करणं चुकीचं नव्हतं, अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली नळी उघडणं, तालुक्याला होत नाही. पण चिठ्ठी हातात देऊन मोकळं होणं म्हणजे रेफर नाही. झटक्याच्या पेशंटला ॲस्पिरिन चावायला देऊन, ईसीजी पुढच्या डॉक्टरला मोबाइलवर पाठवून, फोन करून आणि गाडी बोलावून मग पाठवायचं असतं. तुम्ही तिथं एकच प्रश्न विचारायचा होता: ‘गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथं देता येईल का, की पुढं जाईपर्यंत थांबायचं?’ पट्टीवर झटका तसा दिसत असेल तर ते बारा तासांच्या आत देतात, पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त उपयोग होतो. धारणीहून अमरावतीला दीडशे किलोमीटरच्या आसपास घाट उतरून जायचं, सिरोंच्याहून गडचिरोलीला त्याहून जास्त. अशा ठिकाणी हे इंजेक्शन निघायच्या आधी मिळालं तर हृदयाचा जेवढा भाग वाचतो, तेवढा नंतरच्या मोठ्या दवाखान्यात पैसे ओतूनही वाचत नाही. काहींना ते देता येत नाही, अलीकडं ऑपरेशन झालेलं असलं किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असला तर. ते डॉक्टर ठरवतील, पण विचारायला हरकत नाही. चिठ्ठीवर काय दिलं आणि किती वाजता दिलं ते लिहून घ्या.

गाडीबद्दल. १०८ ही सेवा २०१४ साली सुरू झाली, राज्यभरात ९३७ गाड्या घेऊन, आणि गाडीत डॉक्टर असतो. पैसे लागत नाहीत. फोन पुण्याला लागतो, हे लक्षात ठेवा. तिथं बसलेल्या मुलीला ‘मारुतीच्या पारापासून वळा’ म्हणून उपयोग नाही. तालुका, गाव, कुठल्या रस्त्यावर, जवळचं मोठं गाव कोणतं, आणि पेशंट शुद्धीत आहे का, एवढं सांगा. एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायचं असेल तर दवाखान्यानंच बोलवायची असते, तुम्ही बाहेर पळापळ करायची नसते. ‘किती मिनिटांत येते’ हे १०८ लाच विचारा, गेटवर उभ्या असलेल्या माणसाला नाही. गरोदर बाई, बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं बाळ यांच्यासाठी १०२ आहे. २०११ पासूनच्या जननी-शिशु योजनेत नेणं, आणणं, औषध, सिझर, रक्त सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे. तरी अजून डिझेलचे पैसे मागणारे भेटतात, देऊ नका.

गेटवरच्या माणसाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. सगळे खासगी गाडीवाले तसे नसतात. रात्री दोनला उधारीवर पेशंट नेणारे मी पाहिले आहेत. पण पेशंट कुठं न्यायचा हे जिथं गाडीवाला ठरवतो, तिथं त्याला बऱ्याचदा दवाखान्याकडून कट असतो, आणि तो कट तुमच्याच बिलातून निघतो. तुमचे दोन लाख दहा हजार त्या आयसीयूत ठरले नाहीत, गाडी कुठं वळवायची ते तुम्ही विचारलं नाही तिथं ठरले. गाडीत बसायच्या आधी दोनच गोष्टी पक्क्या करायच्या: कुठल्या दवाखान्यात जातो, आणि तो दवाखाना योजनेत आहे का.

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ च्या जुलैत ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपले अमरावती आणि गडचिरोली होते. २०१७ ला नाव बदललं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होतं, आता केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून ते पाच लाखांपर्यंत आहे. पूर्वी पिवळं नाहीतर केशरी कार्ड लागायचं. अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि वर्धा इथल्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून पांढऱ्या कार्डावरही मिळायचं. आता सगळ्याच कार्डांना आहे. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सर, भाजणं, मोठी हाडं मोडणं हे त्यात बसतं. खाट, औषधं, तपासण्या, जेवण हे पॅकेजमध्ये धरलेलं असतं, वेगळे पैसे मागायचे नसतात. काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत. आणि प्रत्येक आजार प्रत्येक दवाखान्यात बसत नाही, एखादा दवाखाना हाडांसाठी योजनेत असतो आणि हृदयासाठी नसतो. म्हणून ‘योजना आहे का’ एवढंच विचारू नका, ‘हृदयासाठी योजना आहे का’ असं विचारा. १५५३८८ वर फोन केला की कळतं, आयुष्मानसाठी १४५५५.

योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल घेऊन बसलेला असतो. डिपॉझिट भरायच्या आधी त्याच्याकडं जायचं. तातडीच्या पेशंटला फोनवरून तात्पुरती मंजुरी मिळते आणि कार्ड नंतर आणता येतं. तुमचं कार्ड कपाटात राहिलं हे खरं, पण त्यासाठी साठ हजार भरायची गरज नव्हती, दवाखाना योजनेतला असता तर. एकदा रोखीत दाखल झालं, दोन-तीन दिवसांचं बिल चढलं, मग ‘आता योजनेत घ्या’ म्हटलं की सगळ्यांचे चेहरे बदलतात, आणि भरलेले पैसे परत मिळणं फार कठीण. घरातल्या सगळ्यांचं आधार, रेशन कार्डाची दोन्ही पानं आणि आयुष्मान कार्ड यांचा फोटो किमान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. रेशन कार्डावर नाव चढलेलं नसलेल्या सुना आणि लहान पोरं हा दर वेळचा घोळ आहे, तो आजच तहसीलला जाऊन मिटवा.

सरकारी दवाखान्यात खर्च नाहीच असं मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपरसकट सगळं मोफत झालं. पण नागपूरचं मेडिकल आणि मेयो, यवतमाळ-अकोल्याची मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याची, त्यांना तो निर्णय नव्हता. तिथं काही शुल्क लागतं, थोडंच, पण लागतं. खरा खर्च दिसत नाही तो: औषध संपलं की बाहेरून आणायची चिठ्ठी, दोन माणसांचं आठ दिवसांचं जेवण आणि बुडालेली मजुरी. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांकडून विम्याची वर्गणी ज्वारीच्या रूपात घेतली होती. पीक हाती आल्यावर पायल्या मोजायच्या आणि वर्षभर दवाखान्याची चिंता नाही. पैसा कधी हातात असतो आणि आजार कधी येतो याचा मेळ शेतकऱ्याच्या घरात बसत नाही, हे ज्यानं ओळखलं त्याला मी मानते.

खासगीत जावंच लागलं तर? दरपत्रक लावणं २०२१ च्या राज्याच्या नियमांनी बंधनकारक आहे, ते कुठं आहे ते विचारा. अंदाजे खर्च लिहून मागा. दर दोन दिवसांनी बिल पाहा, शेवटच्या दिवशी एकदम नाही. औषधं त्यांच्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही, मानवाधिकार आयोगाच्या सनदेत रुग्णाचा हा हक्क लिहिलेला आहे. ट्रस्टचा दवाखाना असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के कमी उत्पन्नवाल्यांना सवलतीत ठेवाव्या लागतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. बोर्डावर ‘धर्मादाय’ शब्द शोधा आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. अपघाताच्या पेशंटला पोलीस आल्याशिवाय हात लावत नाही असं कोणी म्हटलं तर ते १९८९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाविरुद्ध आहे, आधी जीव, मग एमएलसी. रस्त्यावरच्या अपघातात आता २०२५ च्या केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोकड न भरता मिळतो, तेही विचारा. आणि पैसे संपले म्हणून ‘डामा’ घेऊन, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पेशंट उचलायची वेळ आली, तर त्याआधी डॉक्टरला सरळ सांगा की आम्हाला सरकारीत हलवायचं आहे, कागद द्या. सही करून गेलेल्या पेशंटला पुढचा दवाखाना अर्ध्या माहितीवर घेतो.

आता तुमच्या वडिलांचं. झालेल्या खर्चासाठी दवाखान्याकडून बाबवार बिल, पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. आमदारांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात मुख्यमंत्री सहाय्यता निधीबद्दल विचारा, पण उपचार संपल्यावर तिथंही हात आखडतो, त्यामुळं त्यावर भरोसा ठेवून कर्ज काढू नका. त्यापेक्षा महत्त्वाचं: स्टेंट, म्हणजे हृदयाची नळी उघडी ठेवणारी जाळी, टाकला असेल तर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या दिल्या असतील. महिन्याभरानं पैसे नाहीत, बरं वाटतं म्हणून त्या बंद केलेले आणि मग दुसरा झटका येऊन आणलेले पेशंट मी मोजायचे सोडून दिले होते. दुकानात महाग वाटल्या तर चिठ्ठी घेऊन जनऔषधीत जा, तेच औषध कमी किमतीत मिळतं. ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या खिडकीवरही विचारा, काही गोळ्या तिथं मिळतील. दोन्हीपैकी एकही गोळी, दात काढायचा असला तरी, हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्या रात्रीचा पहिला ईसीजी सोबत न्या, तालुक्याच्या दवाखान्यात निघाला असेल तर तो चिठ्ठीला टाचलेला असेल.